घर बांधायला काढलंय? साइटवरचे शब्द काम झाकलं जाण्याआधी शिका

पहिल्यांदा घर बांधणारा माणूस पैशाच्या आधी भाषेत अडकतो. मुकादम सकाळी फोनवर विचारतो, "साहेब, पीसीसी उद्या टाकून घेऊ ना? पेडेस्टल किती उचलायचं?" आपण "हो, घ्या तुमच्या हिशोबानं" म्हणतो. ती परवानगी ठरते, आणि दुसऱ्या दिवशी आपण साइटवर पोचेपर्यंत खड्ड्यात काँक्रीट पडलेलं असतं.

आमचं घर तालुक्याच्या गावी, स्वतःच्या प्लॉटवर, दोन मजली आरसीसीचं, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटचं. ते बांधताना एक गोष्ट पक्की कळली: बांधकामात प्रत्येक टप्पा पुढच्या टप्प्याखाली गाडला जातो. फुटिंग (खांबाखालचा पाया) मातीखाली, सळई काँक्रीटमध्ये, पाइप फरशीखाली. म्हणून शब्दांची यादी पाठ करत बसू नका. ज्या क्रमानं कामं झाकली जातात, त्या क्रमानं आणि प्रत्येक टप्प्याच्या आठवडाभर आधी शब्द शिका. खालची मांडणी तशीच आहे.

१. कागदांचे शब्द

हे जवळ ठेवा, प्रत्येकाच्या दोन-तीन प्रती काढून:

- सातबारा उतारा किंवा शहर हद्दीत प्रॉपर्टी कार्ड (डिजिटल सहीचा)
- ८-अ उतारा आणि तुमच्या नावाचा फेरफार
- खरेदीखत
- मोजणीची 'क' प्रत (भूमी अभिलेख कार्यालयातली)
- बिगरशेती आदेश किंवा सनद. मंजूर रेखांकन, म्हणजे लेआउट
- झोन दाखला
- मंजूर नकाशा आणि बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र
- आर्किटेक्ट आणि आरसीसी कन्सल्टंट (सांगाड्याचं गणित करणारा इंजिनिअर) यांची नेमणूकपत्रं

मुंबई आणि काही विशेष क्षेत्रं सोडली तर राज्यात बहुतेक ठिकाणी डिसेंबर २०२० पासून एकच विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. लोक तिला 'यूडीसीपीआर' म्हणतात. तिच्यातले तीन शब्द तुम्हाला रोज लागतील. एफएसआय, म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक: प्लॉटच्या किती पट बांधता येईल ते प्रमाण. सामासिक अंतर: प्लॉटच्या हद्दीपासून चारी बाजूंना सोडायची मोकळी जागा. साइटवर याला 'मार्जिन' म्हणतात. जोते तपासणी: प्लिंथपर्यंत काम आलं की मंजूर नकाशाप्रमाणेच आलंय याची नोंद. ही नोंद न करता पुढे गेलात तर त्याचा जाब शेवटी, भोगवटा प्रमाणपत्र (घर वापरायची परवानगी) मागताना, द्यावा लागतो.

सापळा असा की प्रारंभ प्रमाणपत्राची मुदत एक वर्षाची असते आणि तेवढ्यात काम सुरू झालं नाही तर ते दरवर्षी नूतनीकरण करून घ्यावं लागतं. पैशासाठी काम सुरू करणं लांबवणारे लोक नेमके हेच विसरतात.

२. मापांचे शब्द: ब्रास, सूत, गुंठा

नकाशा मिलिमीटरमध्ये, सातबारा हेक्टर-आरमध्ये, गवंडी फुटात आणि सळईवाला सुतात. चौघांशी एकाच दिवशी बोलायचं असतं.

गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट. सातबाऱ्यावरचा एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, साधारण १०७६ चौरस फूट. बोलीभाषेत दोन्ही एकच समजतात. एका गुंठ्यात फरक तेरा चौरस फुटांचा, पण दहा गुंठ्यांत तो एका छोट्या खोलीएवढा होतो.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरहून किंचित जास्त. ८ मिलिमीटरची सळई अडीच सुती, १० ची तीन सुती, १२ ची चार, १६ ची पाच, २० ची सहा, २५ ची आठ सुती. जुने मिस्त्री अजूनही कुठल्याही सळईला 'टॉर' म्हणतात. तो पिळाच्या सळयांच्या काळातला शब्द. आता मिळते ती टीएमटी. तिच्यावर 'एफई ५००' किंवा 'एफई ५०० डी' असा शिक्का असतो. 'डी'वाली सळई तुटण्याआधी जास्त ताणली जाते. आरसीसी नकाशात जी लिहिली असेल तीच आणा.

आता ब्रास. यातच सर्वांत जास्त पैसे सांडतात. वाळू, खडी, मुरूम यांचा ब्रास म्हणजे १०० घनफूट. पण मजुरीच्या बोलण्यात स्लॅब, गिलावा, फरशी यांचा ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. हजार चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब घ्या. मजुरीच्या हिशोबानं तो दहा ब्रास. त्यात पडणारं काँक्रीट ४१६ घनफूट, म्हणजे सव्वाचार ब्रासच्या आसपास, बीम (आडव्या तुळया) वेगळे. कोणी "ब्रासला इतके" म्हटलं की पहिला प्रश्न विचारा: घनफुटाचा की चौरस फुटाचा?

गाडी आली की टेपनं हौद मोजा: लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटांत, गुणाकाराला शंभरानं भागा. १० बाय ६ बाय २ फुटांची भरलेली ट्रॉली १.२ ब्रास. वरचा ढीग सपाट करायला लावा. ओलसर वाळू फुगते. तीच वाळू कोरडी केली तर माप वीस-पंचवीस टक्क्यांनी घटू शकतं. यासाठी भांडायचं नाही, फक्त माहीत आहे हे दिसू द्यायचं.

सळई वजनावर घ्या. सूत्र सोपं आहे: मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे एका मीटरचं वजन किलोत. १२ मीटरच्या अख्ख्या सळईचं वजन ८ मिलिमीटरला ४.७ किलो, १० ला ७.४, १२ ला १०.७, १६ ला १९ च्या जवळ येतं. काट्यावरचं वजन आणि सळयांची संख्या दोन्ही लिहून घ्या.

३. नकाशांचे शब्द

मंजूर नकाशा परवानगीसाठी असतो, बांधण्यासाठी नव्हे. बांधायला वर्किंग ड्रॉइंग लागतं. त्यात प्लॅन म्हणजे वरून पाहिलेला आडवा छेद, सेक्शन म्हणजे घर उभं कापल्यावर दिसणारा छेद, एलिव्हेशन म्हणजे बाहेरून दिसणारा दर्शनी भाग. नवखे लोक एलिव्हेशनवरच रमतात. तुम्ही सेक्शन बघा. जिन्याखाली डोकं लागेल का, संडासाची फरशी किती खाली आहे, खिडकीची खालची कड, म्हणजे सिल, किती उंचीवर येते, हे सगळं तिथंच कळतं.

आरसीसीचे नकाशे वेगळ्या माणसाकडून येतात. त्यात सेंटर लाइन प्लॅन (खांबांच्या मध्यरेषांचा नकाशा) आणि फुटिंग, कॉलम म्हणजे खांब, बीम, स्लॅब यांची शेड्यूल, म्हणजे कोष्टकं असतात. 'सी ३' या कॉलममध्ये किती सळया आणि त्यांना वेढणाऱ्या रिंगा किती अंतरावर, हे कोष्टकात वाचायला शिका. एका संध्याकाळचं काम आहे. कन्सल्टंटसमोर बसून एक कॉलम आणि एक बीम समजून घ्या. बाकीचे आपोआप वाचता येतात.

४. करारातले शब्द

दोन पद्धती आहेत. लेबर रेट: माल तुमचा, मजुरी त्यांची. मटेरियलसह: सगळं ठेकेदाराचं. दोन्हीकडे दर चौरस फुटावर सांगतात आणि कुठल्या चौरस फुटावर ते कोणीच सांगत नाही. स्लॅबच्या बाहेरच्या कडेपर्यंतचं क्षेत्र धरणार का? बाल्कनी पूर्ण का निम्मी? छज्जा, जिन्याची टोपी, पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, गच्चीचा कठडा, कंपाउंड यातलं काय दरात आणि काय 'एक्स्ट्रा'? हा एक्स्ट्रा शब्द करारावर सही होण्याआधी उच्चारला तर स्वस्त पडतो.

गिलाव्याची मोजणी करताना दार-खिडक्यांची वजावट हा वादाचा विषय असतो. भारतीय मानक १२०० चा नियम असा: अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं भोक वजा करायचं नाही. अर्धा ते तीन चौरस मीटरचं एकाच बाजूनं वजा करायचं. दुसऱ्या बाजूच्या बदल्यात कडांचा, म्हणजे जांबांचा गिलावा त्यात येतो. तीनहून मोठं असेल तर दोन्ही बाजूंनी वजा आणि जांब वेगळे मोजायचे. "आयएस बाराशेप्रमाणे मोजणी" एवढे शब्द करारात टाकले की पुढचा वाद मिटतो.

पैसे टप्प्यांवर द्या: जोतं, प्रत्येक स्लॅब, वीटकाम, गिलावा, फरशी. आगाऊ उचल कमीत कमी ठेवा आणि थोडी रक्कम शेवटपर्यंत राखून ठेवा. तिला रिटेन्शन म्हणतात.

५. आखणीपासून जोत्यापर्यंत

प्लॉट साफ करून दोऱ्या बांधतात, चुन्याची फक्की मारतात. ही आखणी किंवा लाइनआउट. काटकोन तपासायला गुण्याची (गवंड्याच्या काटकोनी पट्टीची) वाट बघू नका. एका दोरीवर ६ फूट, दुसरीवर ८ फूट खूण करा. दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर १० फूट आलं पाहिजे. सामासिक अंतर याच दिवशी टेपनं मोजा, आणि तेही मोजणीच्या हद्दीच्या दगडापासून. शेजाऱ्याच्या कंपाउंडपासून नाही.

खोदाईत आधी काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे कच्चा, झिजलेला खडक, त्याखाली काळा पाषाण असं साधारण देशावर लागतं. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर फुटिंग बसवू नका. "पाच फूट खोदलं, बास" हे उत्तर नव्हे. तळाला काय लागलं ते कन्सल्टंटला खड्ड्यात उतरून बघायला सांगा. हा त्याचा सर्वांत महत्त्वाचा फेरा, आणि बरेच जण नेमका हाच फोनवर उरकतात.

मग सोलिंग, म्हणजे डबर रचून ठोकलेला थर. त्यावर पीसीसी, म्हणजे बिनसळईचं काँक्रीट, बहुधा १:४:८ प्रमाणाचं: एक भाग सिमेंट, चार वाळू, आठ खडी. त्यावर सळईची जाळी आणि फुटिंग. फुटिंगवरून प्लिंथपर्यंत उभा राहणारा कॉलमचा भाग तो पेडेस्टल. जमिनीच्या थोडं वर सगळे कॉलम बांधणारा प्लिंथ बीम. आत भराव, मुरूम एकदम ओतायचा नाही, वीत-वीतभराचे थर टाकून, पाणी मारून धुमसायचा. भराव खचला की दोन वर्षांनी फरशी पोकळ वाजते.

जोत्याची उंची रस्त्यावरून ठरवा आणि हात राखून ठेवू नका. रस्त्यावर दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर चढतो; आपलं जोतं आहे तिथंच राहतं. वाळवीचा उपचार पीसीसीआधी की नंतर, कोण करणार, हेही इथंच ठरवा.

६. सळई, सेंटरिंग, स्लॅब

इथं थांबून वाचा. स्लॅबच्या दिवशी साइटवर पंचवीस माणसं, मिक्सरचा खडखडाट, नारळ, पेढे आणि बिगाऱ्यांच्या जेवणाची गडबड असते. त्या दिवशी काहीही तपासून होत नाही. तपासणी आदल्या दिवशी, उजेड असताना.

रिंग: बीम-कॉलमच्या मुख्य सळयांना वेढणारी बारीक सळई. तिची दोन्ही टोकं १३५ अंशांत, आत गाभ्याकडे वळलेली हवीत. साइटवर बहुतेकदा ९० अंशांत वळवून सोडतात, कारण ते सोपं असतं. भूकंपात अशी रिंग उघडते.

कव्हर: सळई आणि काँक्रीटची बाहेरची कड यातलं अंतर. साधारण स्लॅबला २० मिलिमीटर, बीमला २५, कॉलमला ४०, फुटिंगला ५०. त्यासाठी सिमेंटचे कव्हर ब्लॉक आधीच पाडून वाळवून ठेवतात. खडीचा तुकडा सरकवणं म्हणजे कव्हर नव्हे. किनारपट्टीवर घर असेल तर कन्सल्टंट हे आकडे वाढवतो; खारी हवा सळईपर्यंत लवकर पोचते.

लॅप: दोन सळया जोडताना एकावर एक चढवलेली लांबी. ढोबळ मानानं व्यासाच्या ५० पट, म्हणजे १२ मिलिमीटरच्या सळईला दोन फूट. सगळे लॅप एकाच ठिकाणी येऊ देऊ नका.

चेअर: स्लॅबमधली वरची सळई खाली बसू नये म्हणून लावलेले सळईचे पाय. बाल्कनीसारख्या कॅन्टिलिव्हर भागात, जो एका बाजूनं लटकतो, मुख्य सळई वरच्या अंगाला असते. काँक्रीट ओतताना बिगारी तिच्यावरून चालतात, ती खाली दबते आणि कोणाला कळतही नाही. बाल्कनीपाशी एक माणूस फक्त यासाठी उभा करा.

सेंटरिंग म्हणजे खालचा आधार: प्लेटा, ठोकळे, टेकू. प्लेटांच्या फटींतून सिमेंटचं पाणी गळालं तर खाली हनीकोंब, म्हणजे खडी उघडी पडलेली पोकळ जागा तयार होते. त्यावर नंतर गिलावा मारला की दोष झाकतो, जात नाही. वायरिंगचे पाइप, पंख्याचे हूक आणि ड्रेनेजच्या जागा, हे सगळं काँक्रीटआधी.

आता काँक्रीट. एम २० म्हणजे असं मिश्रण, ज्याच्या १५ सेंटिमीटरच्या घनाची ताकद २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन भरते. आरसीसीसाठी भारतीय मानक ४५६ प्रमाणे याहून कमी चालत नाही. प्रमाण १:१.५:३. साइटवर माप फरम्यानं (मापाच्या पेटीनं) घ्यायला लावा, घमेल्यानं नको. सिमेंटची एक गोणी साधारण ३५ लिटर भरते, फरमा तेवढाच हवा. पाणी गोणीला २७ लिटरच्या वर जाऊ देऊ नका, वाळू ओली असेल तर आणखी कमी. पातळ काँक्रीट पसरायला सोपं, म्हणून मजूर पाणी वाढवतात. काँक्रीट हलवून घट्ट बसवायचं काम व्हायब्रेटरचं आहे. दोन व्हायब्रेटर मागवा. एक बंद पडतोच.

वाळूबद्दल. आता बहुतेक ठिकाणी क्रश सँड वापरतात. तिच्या नावाखाली कच खपवतात. क्रश सँड काँक्रीटसाठी म्हणून बनवलेली, आकारानुसार चाळलेली असते. कच ही खडी फोडताना उरलेली भुकटी. मूठभर पाण्याच्या बाटलीत टाकून हलवा आणि ठेवून द्या. वर गढूळ गाळाचा जाड थर बसला तर गाडी परत पाठवा.

क्युरिंग म्हणजे पाणी मारणं, खरं तर ओलं ठेवणं. साध्या सिमेंटला किमान सात दिवस, पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) असेल किंवा उन्हाळा असेल तर दहा. जास्त केलं तर बरंच. स्लॅबवर मातीची आळी करून पाणी साठवा, कॉलमला गोणपाट गुंडाळा. आणि सेंटरिंग काढायची घाई? ठेकेदाराला प्लेटा दुसऱ्या साइटवर न्यायच्या असतात. मानकानुसार साध्या सिमेंटला साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू किमान सात दिवस, त्याहून मोठ्याला चौदा. बीमला सहा मीटरपर्यंत चौदा, पुढे एकवीस. पीपीसीला ताकद सावकाश येते, म्हणून दिवस कन्सल्टंटकडून लेखी घ्या.

७. वीटकाम आणि गिलावा

आरसीसीच्या सांगाड्यात भिंत वजन घेत नाही. लोड बेअरिंग घरात भिंतच वजन घेते, तिथं भोकं पाडण्याआधी दहादा विचारा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं जड माळवद असलेली घरं ढासळली. तेव्हापासून पट्टा हा शब्द मराठवाड्यात घराघरांत गेला: जोत्याला, दारांच्या वर आणि छताखाली सगळ्या भिंतींना सलग वेढणारं सळईचं काँक्रीट. दारावरच्या तुकड्याला लिंटेल म्हणतात. तुकडा आणि सलग पट्टा यात फरक आहे.

विटा आधी भिजवा. एएसी ब्लॉक (हलके, सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे) भिजवायचे नाहीत, फक्त पाण्याचा हात फिरवायचा. उभेपणा ओळंब्यानं तपासतात. बीमच्या खालचा शेवटचा थर लगेच भरू नका, खालचं काम बसू द्या. गिलाव्याआधी काँक्रीटला टाचे (पकड यावी म्हणून पाडलेल्या खाचा) मारलेले हवेत, आणि भिंत-कॉलमच्या सांध्यावर चिकन मेश, म्हणजे बारीक तारेची जाळी. आतला गिलावा साधारण १२ मिलिमीटर, बाहेरचा दोन हातांत २०. कोकणात चिऱ्याचं, कौलारू घर असेल तर आढं, वासे, रीप हे शब्द तिथले सुतार तुम्हाला माझ्याहून चांगले शिकवतील.

८. पाण्याचे शब्द

संक: बाथरूमचा खाली घेतलेला स्लॅब. त्यात पाइप, त्यावर वॉटरप्रूफिंग, भराव, फरशी. वॉटरप्रूफिंग झाल्यावर निदान दोन दिवस पाणी भरून ठेवा आणि खालच्या छताला हात लावून बघा. फरशी बसल्यावर हीच चाचणी निरुपयोगी. नहाणी ट्रॅप म्हणजे फरशीच्या भोकाखालचं भांडं. त्यात कायम पाणी साचून राहतं, त्यामुळे गटाराचा वास वर येत नाही.

गच्चीवर ब्रिकबॅट कोबा: विटांचे तुकडे मसाल्यात बसवून दिलेला ढाळ, शंभर फुटांत किमान एक फूट. कठड्याच्या कोपऱ्यात मसाल्याची गोलाई देतात, ती वाटा. पाऊस आधी कोपऱ्यातच शिरतो, म्हणून वाटा सलग आहे का ते बोट फिरवून बघा. छज्ज्याच्या खालच्या कडेला एक खाच ठेवायला सांगा, नाहीतर पाणी खालून सरकत भिंतीवर येतं.

९. साइटवर खिशात काय असावं

पाच मीटरचा टेप आणि एक तीस मीटरचा. ओळंबा. लहान स्पिरिट लेव्हल. खडू. एक वही, जिच्यात गाड्यांचे ब्रास, गोण्या, हजेरी आणि दिलेले पैसे तारखेनिशी. आणि मोबाइल: प्रत्येक स्लॅबआधी सळयांचे, गिलाव्याआधी भिंतीतल्या पाइपांचे, फरशीआधी ड्रेनेजचे फोटो, शेजारी टेप धरून. पुढे कुठं ड्रिल मारायचं हे त्या फोटोंतूनच कळतं.

शेवटचे दोन कागद आर्किटेक्टकडून मागून घ्या: काम संपल्याचा पूर्णत्व दाखला आणि त्यावर नियोजन प्राधिकरणाकडून मिळणारं भोगवटा प्रमाणपत्र. वास्तुशांत झाली, राहायला आलो की लोक हे सोडून देतात. पुढं घर विकताना किंवा कर्ज काढताना बँक पहिलं तेच मागते. ठेकेदाराचं रिटेन्शन मात्र तेव्हाही सोडू नका. एक पूर्ण पावसाळा जाऊ द्या, गच्चीखालची छतं कोरडी राहिली की मग हिशोब पूर्ण करा.